दोन पत्र्यांच्या कडा जुळवून एज वेल्ड मारायचं – हे नेमकं कुठं चालतं?

पत्रेवाला_लातूर
नमस्कार मंडळी. लातूर एमआयडीसीत छोटं शॉप आहे माझं. आतापर्यंत दालमिलचे हॉपर, च्यूट, डक्ट, गेट, शेड असलंच करत आलो, पातळ पत्र्याचं नाजूक काम कधी फारसं घेतलं नाही. आता एका पार्टीकडून ३० टाक्यांची ऑर्डर आलीय, गिअरबॉक्सच्या तेलाच्या, २० लिटरच्या. साईज ४०० बाय २५० बाय २००, सीआरसी म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा, १८ गेज म्हणजे १.२ एमएम. ड्रॉइंगात टाकी दोन तुकड्यांत दाखवलीय, खालचा डबा आन वरचा डबा, दोन्हीला बाहेरून १२ एमएमची पट्टी वाकवलेली, त्या दोन पट्ट्या एकमेकीवर बसवायच्या आन त्यांच्या नुसत्या कडेवर वेल्डिंग मारत गोल फिरायचं. तिथं लिहिलंय एज वेल्ड, चारी बाजूंनी, फिलर नाही, म्हणजे वरून काडीचा माल घालायचा नाही.

माझ्या पोरानं पहिली टाकी सीओटूवर, म्हणजे तारेच्या वेल्डिंग मशीनवर मारली, तर कुठं भोक कुठं गठळी, सरड्याची पाठ झाली नुसती. ग्राइंडर फिरवला तर वेल्डिंगच निघून गेलं आन आत फट दिसायली.

दोनच गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे असल्या कडेवरच्या वेल्डिंगचा भरवसा असतो का, का ड्रॉइंग काढणारानं उगं लिहून टाकलंय? आन दुसरं, हे आणखी कुठं कुठं वापरतात, म्हणजे मला अंदाज येईल की आपण काय करायलोय.

ठिणगी_जालना
भौ सरळ सांगतो, एज वेल्ड म्हणजे दाखवायचं काम. मी असली टाकी आली की वरचा डबा खालच्यावर अर्धा इंच चढवतो आन बाहेरून फिलेट मारतो, म्हणजे पायरीच्या कोनात वेल्डिंग भरतो, विषय संपला. पार्टीला म्हणा ड्रॉइंग बदल.

वाळूजकर_मामा
ठिणगी, तुमची पद्धत चुकीची नाही पण एज वेल्डला दाखवायचं काम म्हणू नका. वाळूजला ३४ वर्षं पत्र्यातच काढली, आता रिटायर हाय, म्हणून जरा लांबड लावतो.

एज वेल्ड समजून घ्यायचं असेल तर दोन पोस्टकार्डं घ्या. एकावर एक ठेवा आन वरच्या कडेला फेविकॉलची रेघ ओढा. वाळलं की दोन्ही कार्डं कडेच्या दिशेनं मागंपुढं सरकवून बघा, हलत नाहीत. आता खालच्या बाजूनं मधी बोट घाला आन उघडा. टर्रकन उघडतंय. बस, एवढंच शास्त्र. आतले पत्रे नुसते टेकलेले असतात, जोडलेले नसतात. कडेवर जो गोल माथा वितळून बसलाय तेवढाच काय तो जोड, आन त्याची खोली एका पत्र्याच्या जाडीएवढी मिळाली तरी पोट भरलं म्हणायचं.

म्हणून हे वेल्डिंग झाकायला, बंद करायला वापरायचं, पेलायला नाही. तेल पाणी हवा बाहेर जाऊ नये, धूळ आत येऊ नये, असल्या कामाला एक नंबर. दोन अर्ध्या कवच्यांचा सायलेन्सर असतो त्याच्या पट्टीवर, मशीनच्या बेल्टगार्डला, बंद डब्यांच्या झाकणाला, छोट्या टाक्यांना, पोकळ दाराच्या कडेला, सगळीकडं बघितलंय आन मारलंय. फायदा काय, तर पट्टी वाकवलेली असल्यामुळं पत्र्याला ताठपणा येतो, जोड पोटावर न येता बाहेर येतो म्हणून पोटाचा पत्रा तापून डुगडुगत नाही, आन काडी लागत नाही कारण कडच वितळून काडीचं काम करते. लातूरकर, तुमच्या टाकीचा विचार केला तर २०० एमएम उंच तेल, त्याचा तळाला दाब किती, ०.०२ बारसुद्धा नाही. त्या दाबानं काही होत नसतंय.

पण एक विचारतो. टाकी बसवायची कशी दाखवलीय? ब्रॅकेट कुठं मारलाय? ते आधी सांगा.

पत्रेवाला_लातूर
मामा, आत्ता ड्रॉइंग उघडून बघितलं. वरच्या पट्टीवर चार लग म्हणजे लटकवायचे कान दाखवलेत, वरून मारायचे, आन त्या लगनी टाकी मशीनच्या फ्रेमला लटकवायची.

वाळूजकर_मामा
तिथंच गोम हाय बघा! म्हणजे वरचा डबा लटकलाय फ्रेमला आन खालचा डबा तेलासकट लटकलाय तुमच्या एज वेल्डला. पोस्टकार्डात बोट घातल्यासारखंच झालं.

आमच्याकडं एकदा जनरेटरच्या डिझेल टाकीला हेच झालं होतं, आन चूक माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही. ड्रॉइंगात सपोर्ट खालून होता, जागा अडायली म्हणून मी साईटवर वरच्या पट्टीला पकडून दिला. दोन-अडीच महिन्यांनी फोन आला, टाकी घाम काढायलीय म्हणून. गेलो तर कोपऱ्याजवळ वेल्डिंगच्या आतल्या बाजूनं वितभर तडा, बाहेरून वेल्डिंग एकदम चकाचक. बोट फिरवलं तर डिझेल. ती टाकी उतरवताना माझ्या चपलीत डिझेल गेलं होतं, त्याचा वास आठवडाभर घरात.

डिझाईनवाली_चिकलठाणा
मामांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. मी चिकलठाण्याला शीट मेटल डिझाईनचं काम करते, म्हणून दुसरी बाजू सांगते. २० लिटर तेल म्हणजे साधारण १७-१८ किलो. कडेची लांबी पट्टीसकट जवळजवळ १.४ मीटर. नुसत्या वजनानं हा जोड उघडणार नाही, कागदावर आकडा छानच दिसतो, आणि म्हणूनच ड्रॉइंग काढणारा फसतो. पण ही टाकी गिअरबॉक्सला चिकटून दिवसभर थरथरणार आहे. प्रत्येक झटक्याला दोन पत्रे केसभर उघडणार आणि मिटणार, आणि ती सगळी वाकवावाकवी वेल्डिंगच्या आतल्या टोकाला, जिथं न जोडलेली फट संपते तिथं येणार. तिथं आधीपासूनच चीर असल्यासारखं आहे. तडा तिथूनच चालू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत बराच पुढं गेलेला असतो.

उपाय फार सोपा आहे. लग काढून टाका आणि टाकी खालून दोन पट्ट्यांच्या पाळण्यात बसवा, वरून एक पट्टा. मग वजन तळावर आणि एज वेल्डला फक्त झाकायचं काम. पार्टीशी बोला, ऐकतात बहुतेक, कारण त्यांचा लगचा खर्च वाचतो.

आणि ठिणगीजी, अर्धा इंच चढवून फिलेट मारायचं तर एक डबा दुसऱ्यात बरोब्बर बसला पाहिजे. ३० टाक्या बेंडिंगला टाकल्या की कुठं अर्धा एमएम मोठा कुठं लहान, मग हातोडीनं बसवत बसायचं. पट्टीवर पट्टी ठेवली की इकडं-तिकडं एमएमभर चालून जातं, बाहेर आलेली कड घासून टाकायची. म्हणून आम्ही लोक असा जोड देतो, आळस म्हणून नाही.

ठिणगी_जालना
ताई पटलं. माझ्याकडं एका वेळी दोन-तीनच टाक्या असतात म्हणून हातोडी परवडते.

डीपीवाला_नांदेड
माझं म्हणणं, एज वेल्डला नावं ठेवणाऱ्यांनी गावातल्या डीपीकडं बघावं. मी ट्रान्सफॉर्मर रिपेरिंगला हाय. टाकीच्या बाजूला ज्या पंख्यासारख्या उभ्या घड्या असतात ना, कोरुगेटेड फिन, एक सव्वा एमएमचा पत्रा घडी घालून केलेल्या, त्यांची वरची आन खालची टोकं दाबून चपटी करत्यात आन त्या कडेवर वेल्डिंग मारत्यात. तेच एज वेल्ड. एका टाकीला अशी कितीतरी टोकं, प्रत्येक टोकामागं गरम तेल, उन्हाळ्यात मोटारी चालू झाल्या की डीपी तापून लाल व्हायची बाकी ऱ्हायती, तेल फुगतंय आन फिना श्वास घेतल्यासारख्या फुगत्यात-बसत्यात. तरी वर्षानुवर्षं टिकतंय. आमच्याकडं जे लिकेज येतंय त्यात टोकाच्या वेल्डिंगपेक्षा गास्केट आन बुशिंगचंच जास्त असतंय, हे माझ्या टेबलावरचं सांगायलोय.

पण जेव्हा टोकाला लिकेज असतंय तेव्हा लई त्रास. आतलं तेल फटीत भरून बसलेलं असतंय, वेल्डिंग मारलं की फसफस करून वर येतंय, सच्छिद्र होतंय. पूर्ण तेल काढून, तापवून सुकवून, मगच.

निदेशक_बीड
मी आयटीआयला वेल्डर ट्रेडला शिकवतो. वरचं सगळं वाचून आनंद झाला. एक भर घालतो, असल्या टाकीची डीपी टेस्ट करून घ्या, पिनहोल लगेच दिसतं.

डीपीवाला_नांदेड
सर डीपीची टेस्ट टाकीवर कशी करायची? 😀

निदेशक_बीड
अहो तो डीपी नव्हे, डाय पेनेट्रंट. लाल रंग फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरं डेव्हलपर मारायचं. जिथं भोक तिथं लाल ठिपका उमटतो. पण ३० टाक्यांना ते महाग पडेल, साबणाचा फेस बरा.

उस्ताद_गॅसवाले
हमारी बी सुनो! औरंगाबादेत चाळीस वर्षांपूर्वी आम्ही पोरं असताना उस्ताद लोक हेच शिकवायचे सगळ्यात आधी. गॅसची बत्ती, हातात काडी नाही. दोन पत्र्यांच्या कडा पत्र्याच्या जाडीच्या दीडपट उभ्या वाकवायच्या, पाठीला पाठ लावायची आन बत्तीनं ती कड मेणबत्तीसारखी वितळवत न्यायची. वितळली की ती कड खाली बसते आन वरून मणी तयार. काडी नाही म्हणजे दुसरा हात मोकळा. ज्याला ही कड सरळ नेता आली त्याच्याच हातात उस्ताद काडी द्यायचे, नाही तर झाडू. स्कूटरच्या मडगार्डच्या कडा, पितळी फवारणी पंपाचे तळ, बादल्या... आता सगळं प्लास्टिकचं झालं.

लातूरवाले भाई, तुमचा पोरगा सीओटूनं मारतोय ना, तिथंच चूक. सीओटूची तार सतत माल ओतत राहते, तुम्हाला माल ओतायचाच नाही, आहे तो वितळवायचाय. टिग लावा, त्यात टंगस्टनच्या टोकाचा आर्क आन आर्गन गॅस, तार नाही. दोन एमएमच्या पुढच्या पत्र्याला सीओटू चालेल, १८ गेजला जिवावर येईल.

पत्रेवाला_लातूर
उस्ताद, मामा, ताई, सगळ्यांचे आभार. पार्टीला फोन केला, आधी कुरकुर केली पण मी पोस्टकार्डाचं उदाहरण दिल्यावर हसायला लागले आन म्हणले पाळणा करा. लग कॅन्सल.

टिगचं मशीन भाड्यानं आणलंय. सेटिंग कुणी सांगंल का?

वाळूजकर_मामा
माझा अंदाज सांगतो, पण आधी स्क्रॅपच्या दोन पट्ट्या धरून बघा, मशीन मशीनचा स्वभाव वेगळा. डीसी, टॉर्च निगेटिव्हला. १.६ ची टंगस्टन, पेन्सिलीसारखी लांब घासलेली, आन घासताना चाकाच्या आडवी नाही, लांबीच्या दिशेनं, नाहीतर आर्क भटकतो. लाल टोकाची असेल तर घासताना मास्क लावा, त्यात थोरियम असतंय. १.२ वर १.२ ला ५० ते ६० अँपिअरमधी बसायला पाहिजे. आर्गन मिनिटाला ७-८ लिटर. फिलर नाही.

पण सेटिंगपेक्षा तयारी महत्त्वाची. सीआरसीवर तेल असतंय, ते थिनरनं नाही, ॲसिटोननं पुसा आन सुकू द्या, कडेच्या आतल्या बाजूलासुद्धा, नाहीतर फटीतलं तेल उकळून पिनहोल येतंय. दोन्ही कडा एका पातळीत घासा. एक कड अर्धा एमएम जरी वर आली तर आर्क तिलाच खातो आन खालची तशीच राहते. आन फट अजिबात नको, नखाचं टोक जाता कामा नये. त्यासाठी तांब्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी, कडेपासून तीनेक एमएम खाली, आन वरून व्हाइसग्रिप. तांबं उष्णता ओढून घेतंय, पट्टी लाटा मारत नाही. टॅक, म्हणजे आधी धरून ठेवायचे छोटे टाके, तीस-चाळीस एमएमवर, समोरासमोर मारत जा, एका टोकाकडून दुसरीकडं नको.

खोली बघायची असेल तर पट्टीचा इंचभर तुकडा कापून व्हाइसमधी धरा आन छिन्नीनं दोन पत्रे उघडा. केळाच्या सालीसारखं सहज सोललं तर वेल्डिंग वरवरचं हाय, अँपिअर वाढवा नाहीतर हात सावकाश करा. पत्रा वाकून फाटायला लागला तर पास.

कूलरवाला_परभणी
मधीच घुसतो. माझं कूलरचं काम हाय, जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा. टाकीच्या कडेला असंच टिगनं मारलं तर चालंल का? आतापर्यंत रिव्हेट आन सीलंट मारत होतो.

निदेशक_बीड
जीआयला नका मारू. लोखंड वितळायला जवळजवळ १५०० अंश लागतात आणि जस्त ९०७ लाच उकळून वाफ होतं. म्हणजे तुमची कड वितळायच्या कितीतरी आधी दोन पत्र्यांच्या मधलं जस्त वाफ होऊन वेल्डिंगमधूनच बाहेर फुटणार, टंगस्टन खराब, वेल्डिंगची जाळी. आणि तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडतं, तोंडाला गोडसर चव येते. पोरांना वाटतं मलेरिया. जस्त घासून काढून मारता येतं, पण मग कूलरच्या पाण्यात तीच जागा आधी गंजणार. तुमचं रिव्हेट-सीलंट किंवा घडी घालून डाग देणं हेच बरं आहे.

कूलरवाला_परभणी
बरं झालं इचारलं. मागच्या साली दोन दिवस असाच ताप आलता, डॉक्टरनं रक्त तपासलं, काय निघालं न्हाई.

पल्पवाला_अंबाजोगाई
एक वाईट अनुभव, एसएस म्हणजे स्टेनलेसवाल्यांसाठी. सीताफळाचा पल्प काढायच्या युनिटला टेबलं आन ट्रे करून दिले होते, ३०४ चे, कडा दुमडून पाठीला पाठ लावून एज वेल्ड, बफिंग मारून आरसा केला. दिसायला एवढं भारी की फोटो स्टेटसला टाकला. पंधरा दिवसांनी पार्टी म्हणली वास येतोय. वेल्डिंग पट्टीच्या बाहेरच्या कडेला, पण आतून दोन पत्र्यांच्या मधी बारीक फट तशीच, पल्प त्यात जातोय, आंबतोय, किती धुवा निघत नाही. दोन मोसमांत फटीच्या तोंडाला तपकिरी डागसुद्धा पडले, स्टेनलेसला. सगळे ट्रे परत घेतले, पदरचे पैसे घालून बट जोड, म्हणजे कडेला कड समोरासमोर भिडवून, करून दिले.

डिझाईनवाली_चिकलठाणा
हो, अन्न, दूध, औषध, जिथं धुवावं लागतं तिथं फट उघडी राहणारा जोड चालतच नाही. फटीतल्या पाण्यात ऑक्सिजन पोचत नाही म्हणून स्टेनलेसचा वरचा संरक्षक थर तिथं टिकत नाही, त्यात मीठ किंवा आंबट असेल तर अजून लवकर. पत्रेवाले, तुमच्या टाकीत तेल आहे म्हणून वाचलात. पण बाहेरच्या बाजूला पावडर कोटिंगच्या आधी धुण्याचं पाणी फटीत अडकून बसतं का तेही बघा, ओव्हनमध्ये ते उकळून कोटिंगला फोड येतात. वेल्डिंग सलग असेल तर बाहेरून पाणी जाणार नाही, तुटक मारलं तर शंभर टक्के जाणार.

जाता जाता, या जोडाचं सगळ्यात नाजूक रूप म्हणजे एज वेल्डेड बेलोज. कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या, एकदा आतल्या कडेला एकदा बाहेरच्या कडेला अशा आलटून पालटून जोडत जातात, हार्मोनियमच्या भात्यासारखं होतं. पंपांच्या मेकॅनिकल सीलमध्ये असतं. तिथं उघडमिट हेच काम आहे, पण चकतीचा आकारच असा देतात की वाकणं पत्र्याच्या अंगात वाटलं जातं, वेल्डिंगवर येत नाही.

ठिणगी_जालना
मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीला पण खाली अशीच पट्टी असते ना? ते पण एज वेल्ड?

वाळूजकर_मामा
नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला चालू झाला तेव्हापासून ह्या भागात टाक्या बघत आलोय. तिथं पट्टीवर पट्टी असतीय खरी पण वेल्डिंग कडेवर नाही, पट्टीच्या मधून. तांब्याची दोन चाकं, मधून पट्टी जाते, करंटचे ठोके बसत जातात, एकावर एक चढलेले टाके पडतात. सीम वेल्डिंग. तो जोड आत असतो म्हणून उघडायला एज वेल्डपेक्षा अवघड, पण मशीन महाग, त्यामुळं हजारोनी माल काढणारालाच परवडतं. ३० टाक्यांना टिगच.

पत्रेवाला_लातूर
आज वैताग आलाय. सकाळी चार टाक्या मारल्या, एकदम सोन्यासारख्या, मण्याची माळ. दुपारी जेवून आल्यावर तीन मारल्या, तिन्हीला बारीक भोकं, काळपट वेल्डिंग, टंगस्टनच्या टोकाला बुरशी आल्यासारखं. पत्रा तोच, सेटिंग तेच, पोरगा तोच, ॲसिटोन मारलंय. आर्गनची बाटली बदलून बघितली, तेच. कुणीतरी म्हणलं दुपारी व्होल्टेज पडतंय म्हणून. स्टॅबिलायझर लावला. तेच.

डीपीवाला_नांदेड
होज कुठं लिक हाय का बघा. नायतर नॉझल चोंदलंय.

उस्ताद_गॅसवाले
दुपारी काय बदलतं ते सांगा. मे महिन्यात लातूरला दुपारी काय चालू करता?

पत्रेवाला_लातूर
उस्ताद!!! कूलर!!! 🙏🙏

दुपारी ४२-४३ ला पत्र्याच्या शेडात पोरगा बसंना म्हणून मीच मोठा कूलर आणून त्याच्या पाठीमागं लावला होता. त्याच्या काखेतून वारं सरळ टॉर्चवर यायलं. सगळा आर्गन उडून जायला. कूलर फिरवला, पाठीमागं प्लायवूड उभं केलं, परत मण्याची माळ. तीन टाक्या गेल्या पण चला, शिकलो. आता पोरगा म्हणायलाय मालक मला रात्रीची पाळी द्या.

कूलरवाला_परभणी
कूलरचं नाव खराब करायलेत सगळे 😀

पत्रेवाला_लातूर
नवीन भानगड. दहा टाक्यांना साबणाचा फेस मारून बघितलं. सरळ कडेला एकही बुडबुडा नाही. पण सहा टाक्या कोपऱ्यात फुसफुसायल्यात. ज्या कोपऱ्यात डब्याचं उभं वेल्डिंग येऊन पट्टीला मिळतंय ना, नेमकं तिथं.

आन दुसरं, पोरानं एका टाकीत कॉम्प्रेसरची सरळ लाईन लावली, मी ओरडेपर्यंत टाकी फुगून भोपळा.

निदेशक_बीड
दुसरं आधी, कारण ते जिवावरचं आहे. टाकीची मोठी बाजू ४०० बाय २५०, म्हणजे ०.१ चौरस मीटर. ०.१ बार जरी हवा भरली तरी त्या बाजूवर १०० किलो जोर येतो. कॉम्प्रेसरची ७ बारची लाईन सरळ लावली तर ७ टन. टाकी फुगली हे नशीब, फुटली असती तर झाकण तोंडावर आलं असतं. रेग्युलेटर लावा, ०.१ बारच्या वर जायचं नाही. रेग्युलेटर नसेल तर पारदर्शक नळीत मीटरभर पाण्याचा स्तंभ धरा, तो म्हणजेच जवळपास ०.१ बार, त्याच्यावर गेलं की पाणीच उडून जातं. फुगलेली टाकी देऊ नका, वाकलेल्या पट्टीत वेल्डिंग आतून उघडलेलं असणार.

वाळूजकर_मामा
कोपऱ्याचं मी सांगतो. बेंडिंगवर केलेल्या डब्याला कोपऱ्यात पट्टीचे दोन तुकडे येतात, मधी चीर असते. ती चीर भरायची राहिली तर वरून एज वेल्ड कितीबी मारा, तेल खालून त्या चिरेतून बाहेर. म्हणून डबे जुळवायच्या आधीच प्रत्येक डब्याचा उभा कोपरा आन पट्टीची चीर पूर्ण भरून घ्यायची, इथं काडी वापरा, मग पट्टीचा चेहरा फाईल मारून सपाट. डबा काचेवर पालथा ठेवून बघा, डुगला नाही पाहिजे. कोपऱ्यात वेल्डिंगचा उंचवटा राहिला तर दोन पट्ट्या तिथं टेकतात आन शेजारी फट पडते.

मग पट्टीचे कोपरे गोल घासा, आन एज वेल्ड कधीच कोपऱ्यात चालू करू नका, कोपऱ्यात थांबवू नका. सरळ भागात, कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडं चालू करायचं आन कोपरा एका दमात वळवून पुढं न्यायचं. थांबताना अँपिअर हळूहळू खाली, झटकन उचललं की खड्डा आन खड्ड्यात चीर.

उस्ताद_गॅसवाले
और एक. शेवटचा इंच मारताना टाकीचं तेल भरायचं भोक उघडं ठेवलंय ना? बंद असेल तर आतली हवा तापून फुगते आन शेवटच्या वितळलेल्या थेंबातूनच बाहेर येते. फुर्र करून भोक. पोरगा चार वेळा भरेल, चार वेळा फुटेल आन टॉर्चला शिव्या देईल.

पत्रेवाला_लातूर
उस्ताद तुम्ही शॉपमधी येऊन बसलाय का काय? तेल भरायच्या भोकाला टोपण लावूनच पोरगा मारत होता, आत घाण जाऊ नये म्हणून.

पत्रेवाला_लातूर
आठ दिवसांनी सांगायलो. ३० झाल्या. भोपळा एक आन कूलरच्या तीन, अशा चार टाक्या भंगारात, त्यांचा पत्रा माझ्या खिशातून. ३४ टाक्यांच्या कडा मिळून ४७-४८ मीटर वेल्डिंग झालं, पोराचा हात असा बसलाय की आता काडी न घेता सरळ रेघ ओढतोय. कोपरे आधी भरून घेतल्यावर फेसाच्या टेस्टला एकच टाकी परत आली, तीसुद्धा सॉकेटच्या वेल्डिंगला, कडेला नाही. पाळण्याचे पट्टे पार्टीनं वेगळे पैसे देऊन करून घेतले. पुढची ऑर्डर ५० ची म्हणायलेत, बघू, चेक आल्यावर खरं.

नवा_वेल्डर_औसा
काका मी आयटीआय वेल्डरला आहे, आमच्याकडं टिग आहे पण आर्गनची बाटली कधी भरलेलीच नसते. तुमच्या ५० च्या ऑर्डरला मला बघायला यायचंय, काम नाही दिलं तरी चालेल, नुसतं उभं राहतो.

पत्रेवाला_लातूर
ये की. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आन बूट घालून ये, चपलीवर आलास तर गेटावरूनच परत. आन उभं नाही राहायचं, पहिले दोन दिवस कडा घासायच्या, तिसऱ्या दिवशी स्क्रॅपवर टॉर्च.

उस्ताद_गॅसवाले
झाडू बी द्या त्याला.